काका, एक वायर टाकायची आहे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे, पण बोललो तसेच बरेचसे ठेवले आहे.)



सांस्कृतिक समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘पंचवीस वर्षांत घरात आलेली यंत्रं’. हा विषय मलाच का दिला, ते मला ठाऊक आहे. आपल्या सोसायटीत कुठलीही नवी वस्तू यायची झाली की तिच्या विरोधात पहिला हात कोणाचा वर होतो, हे विचारलं तर लहान मुलंसुद्धा माझ्या दाराकडे बोट दाखवतील. चौदा वर्षं खजिनदार होतो. नाही म्हणणं हे खजिनदाराचं कामच असतं, असं मी समजत आलो.

ही सवय जुनी आहे. १९७३ साली मी बँकेत लागलो. पुढे बँकांच्या यांत्रिकीकरणाचा विषय निघाला. डॉ. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं, ज्यांना आम्ही एएलपीएम म्हणायचो, ती येऊ लागली. मी युनियनचा माणूस. शाखेच्या दारात उभं राहून यंत्राच्या विरोधात घोषणा दिल्या आहेत. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती, ते आजही सांगतो. पण त्याच मी त्याआधी सेव्हिंग्जची लेजरं हातानं टॅली करताना रात्री अकरा-अकरापर्यंत नऊ पैशांचा फरक शोधलेला आहे. यंत्र आल्यावर तो फरक शोधायला परत पाठवलं असतं तर मी स्वेच्छानिवृत्तीच घेतली असती.

असो. आपण मुळात इथे राहायला आलो ते २००० साली. पनवेलपर्यंत लोकल सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. नेरुळला राहायला चाललो म्हटल्यावर गिरगावातले नातेवाईक ‘सुट्टीत येऊन जा हो’ म्हणाले, जणू आम्ही परदेशी चाललो होतो. दोन विंग, ४८ फ्लॅट, खाली २६ स्टिल्ट पार्किंग. गाड्या होत्या आठ. पार्किंग घ्या हो, घ्या हो, म्हणून आम्ही लोकांच्या मागे लागायचो. आज त्या २६ जागांवरून जे काही होतं ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आपल्या बिल्डिंगमध्ये ते पोचलं पाच वर्षांनी, बी विंगच्या चौथ्या मजल्यावर. त्या घरातले गृहस्थ माझ्याच वयाचे. आम्ही एकाच महिन्यात राहायला आलो. त्यांनी दहा वर्षांच्या मुलासाठी कॉम्प्युटर घेतला होता. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, म्हणून मी रविवारी सकाळी त्यांच्याकडे ई-मेल बघायला जात असे. मोडेम किरकिर करायचा, तेवढा वेळ घरातला फोन एंगेज. भावाने फोटो पाठवला की आधी आकाश यायचं, मग कपाळ यायचं, आणि कंबरेपर्यंत येईतो वहिनी पोहे घेऊन यायच्या. तो मुलगा माझ्याकडून टाइप करून घ्यायचा. ‘काका, कॅपिटल नको, कॅपिटल म्हणजे ओरडणं असतं.’ मी आयुष्यभर सगळी पत्रं कॅपिटलमध्ये टाइप केलेली.

नंतरची वर्षं भराभर गेली. ब्रॉडबँड आलं, वायफाय आलं, २०१६ साली सप्टेंबरात जिओ आलं आणि नोव्हेंबरात नोटाबंदी. त्यानंतर कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेसुद्धा चौकोनी छापील कोड लटकू लागला. मागच्या वर्षी रंगकामासाठी डक्ट साफ केला तेव्हा काय निघालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. केबल टीव्हीच्या तीन पिढ्या, बंद पडलेल्या दोन इंटरनेट कंपन्यांच्या वायरी, कोणाच्या तरी छत्रीसारख्या डिशची तार, सगळं मिळून अकरा किलो. भंगारवाल्याने वजन करून नेलं. त्यातल्या एकाही वायरीसाठी कोणी सर्वसाधारण सभेत मतदान घेतलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा.

इंटरनेटबद्दल दोन शब्द, कारण ज्येष्ठ मंडळी मला नेहमी विचारतात. नातवंडं सांगतील म्हणून तीनशेचा स्पीड घेऊ नका. दोघं म्हातारा-म्हातारी, एक टीव्ही, दोन फोन. शंभराचा प्लॅनसुद्धा उरतो. नेट स्लो आहे अशी तक्रार करण्याआधी राउटर कुठे आहे ते बघा. आपल्याकडे तो बहुतेक दाराजवळ, चपलांच्या कपाटावर असतो, कारण वायर तिथेच येते. त्याच्यातून निघणाऱ्या दोन लहरींपैकी पाच गिगाहर्ट्झवाली वेगवान असते, पण आपल्या आरसीसी भिंतीत ती लवकर दमते, २.४ वाली हळू असते पण भिंत ओलांडते. मधे बाथरूम असेल तर दोन्ही रडतात. राउटर घराच्या मधोमध, जरा उंचावर ठेवा, निम्मी तक्रार जाईल. आणि पोलीस असल्याचं सांगून कोणी व्हिडिओवर ‘डिजिटल अरेस्ट’ करायला लागला तर फोन ठेवून १९३० ला लावा. कायद्यात असलं काही नसतं. हे विषयांतर झालं, पण छत्तीस-अडतीस वर्षं काउंटरच्या आत बसलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच मी भाषणाला हो म्हटलं.

२०२० साली एप्रिलमध्ये आम्ही दोघं मेलबर्नला जाणार होतो. मुलीचं बाळंतपण मे महिन्यात. विमानं बंद झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं इंटरनेटही बंद पडलं. कंपनीचं नाव घेत नाही, पण तक्रार क्रमांक माझ्या वहीत अजून आहे. माणूस पाठवता येत नाही, एवढंच उत्तर. मोबाइलवर व्हिडिओ लावावा तर सगळी नवी मुंबई घरात बसलेली, चित्र हलायचंच नाही. सौभाग्यवती काही बोलत नव्हत्या, पण दिवसातून दहा वेळा फोन उचलून बघायच्या आणि ठेवून द्यायच्या.

एके संध्याकाळी वरून हाक आली. ‘काका, एक वायर टाकायची आहे, बेडरूमची खिडकी उघडी ठेवा.’ चौथ्या मजल्यावरचा तोच मुलगा, आता तिशीतला, घरून नोकरी करणारा. निळ्या वायरीच्या टोकाला त्याने वजन म्हणून एक जुनं कुलूप बांधलं होतं. ते कुलूप डुलत डुलत माझ्या खिडकीशी आलं. बिल्डिंगच्या बाहेरच्या भिंतीवरून काहीही लटकवू नये, ही नोटीस माझ्याच सहीने बोर्डावर लागली होती. मी ती वायर आत घेतली.

मे महिन्यात, आपली रात्र दीडची आणि तिथली पहाट सहाची, त्या निळ्या वायरीतून आमची नात आम्हाला पहिल्यांदा दिसली. तिने मूठ तोंडात घातली होती. ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा वायर रात्रभर भिंतीवर आपटत होती, तुटली नाही. सात आठवडे आम्ही त्यांच्या नेटवर होतो. पैसे विचारले तर वर हसू आलं. वहिनींनी उलट लोणचं पाठवलं.

दोन वर्षांनी, म्हणजे २०२२ साली, त्या मुलाने इलेक्ट्रिक कार घेतली, हिरव्या नंबर प्लेटची. त्याने कमिटीला अर्ज दिला. मीटर रूममधल्या स्वतःच्या मीटरपासून स्वतःच्या पार्किंगपर्यंत पस्तीस फूट केबल, पंधरा अँपिअरचा एक पॉइंट, खर्च त्याचा, बिल त्याचं. सोसायटीने फक्त ना हरकत द्यायची.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत विषय आला आणि मी उभा राहिलो. बारा मिनिटं बोललो. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात एका इलेक्ट्रिक स्कूटरला आग लागल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. तो मी हात हवेत उडवून वर्णन करून सांगितला. मग म्हणालो, बिल्डिंगचा लोड झेपणार नाही. मग म्हणालो, आज एकाला दिलं तर उद्या सगळे मागतील. शेवटचं वाक्य टाळ्या घेऊन गेलं. एकोणीस विरुद्ध अकरा. ठराव नामंजूर. इतिवृत्तात सूचकाच्या खाली माझं नाव आहे, जाऊन बघा.

तो मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून रात्री जेवून गाडी घेऊन बाहेरच्या चार्जरवर जायचा आणि अकरा-साडेअकराला परत यायचा. त्याचे वडील आणि मी बावीस वर्षं ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती सकाळी चालत होतो. ते त्यांनी बंद केलं. भांडले नाहीत. पावणेसहाला निघायचे ते साडेसहाला निघू लागले, एवढंच.

मला वाटलं, रागावले आहेत, होईल शांत. आपण सोसायटीच्या भल्याचं बोललो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये नव्या सेक्रेटरींनी फाइलसाठी एक कागद माझ्या हातात दिला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं, तारीख १४ जानेवारी २०२२. त्यात साफ लिहिलं आहे की वाहनमालक आपल्या राहत्या घरी, असलेल्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करू शकतो. तारीख पुन्हा सांगतो, १४ जानेवारी. माझं भाषण सप्टेंबरमधलं. बँकेत सर्क्युलर न वाचता तोंड उघडणाऱ्या ऑफिसरला मी केबिनमध्ये बोलावून काय काय सुनावलं आहे, ते माझे दोन ज्युनियर इथे पाहुणे म्हणून बसले आहेत, ते सांगतील.

त्या रात्री वही घेऊन बसलो आणि जे सभेआधी करायला हवं होतं ते केलं. तुम्हालाही सांगतो, पटापट.

पेट्रोल २०२५ साली लिटरला १०३ रुपयांच्या पुढेच होतं. गाडी शहरात पंधराचं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं तर किलोमीटरला सात रुपयांना दहा-बारा पैसे कमी. सीएनजी किलोला ऐंशीच्या आसपास होता, बावीस किलोमीटर धरा, म्हणजे साडेतीन-पावणेचार रुपये. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा किलोमीटर तरी जाते. युनिट दहा रुपये धरलं तर पावणेदोन रुपयांच्या आत. पेट्रोलच्या मानाने किलोमीटरमागे सव्वापाच रुपये वाचले.

मी वर्षाला फार तर चार हजार किलोमीटर गाडी चालवतो. वाशी, डॉक्टर, लग्नकार्य, वर्षातून एकदा अलिबाग. म्हणजे माझी बचत एकवीस हजार. इलेक्ट्रिक गाडी तोलामोलाच्या पेट्रोल गाडीपेक्षा चार लाखांनी महाग धरली, तर ते वसूल व्हायला एकोणीस वर्षं. व्याज धरलेलंच नाही. तेव्हा मी ९३ वर्षांचा असेन. तर माझ्यासाठी ही गाडी नको, हे माझं मत अगदी बरोबर होतं!

पण तो मुलगा दिवसाला पन्नास किलोमीटर जातो. वर्षाला पंधरा हजार. त्याची बचत अठ्ठ्याहत्तर हजार, पाच वर्षांत चार लाख वसूल. मी सभेत बोललो ते माझ्या चार हजार किलोमीटरवरून.

लोडचंही तसंच. पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर गाडी साधारण ३.३ किलोवॅट घेते. पन्नास किलोमीटरला लागणारी आठ युनिटं अडीच तासांत भरतात. आपल्या ४८ घरांत दोन-दोन किलोवॅटचे गीझर आहेत, हिवाळ्यात सकाळी सात वाजता निम्मे तरी एकदम चालू असतात; त्यांच्यासाठी कोणी ना हरकत मागितली नव्हती, मीही नाही. आणि मी खजिनदार असताना जिन्यातल्या ४८ ट्यूबा काढून एलईडी लावल्या. दर ट्यूबमागे तीस वॅट, रात्रीचे अकरा तास, वर्षाला पावणेसहा हजार युनिटं वाचली. याचा मोठेपणा मी तीन वार्षिक अहवालांत मिरवला. तेवढ्या युनिटांत त्याच्यासारख्या दोन गाड्या वर्षभर चालल्या असत्या, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आता कोणी म्हणेल, काका एकदम दुसऱ्या टोकाला गेले. तसं नाही. माझ्या काही शंका अजून शिल्लक आहेत. आपल्या महाराष्ट्राची वीज अजून बरीचशी कोळशावर होते, चंद्रपूर आहे, कोराडी आहे. नेरुळचा धूर चंद्रपूरला गेला, एवढं तरी मान्य करा. फरक हा की विजेची मोटर घेतलेली बहुतेक शक्ती चाकाला देते, पेट्रोलचं इंजिन साधारण चौथा हिस्साच देतं, उरलेली उष्णता होऊन जाते. गणपतीला रत्नागिरीला निघालात आणि वाटेत चार्जरवर आधीच चार गाड्या रांगेत असल्या तर घरच्यांची तोंडं बघण्यासारखी होतील. बॅटरी आठ-दहा वर्षांनी किती उरेल आणि जुन्या गाडीला काय भाव येईल, यावर मी आज कर्ज द्यायला बसलो असतो तर हात राखूनच दिलं असतं. पेट्रोलवाल्यांनीही खूश होऊ नये. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, आणि माझी २०१२ ची गाडी काही त्यासाठी बनवलेली नाही. अ‍ॅव्हरेज थोडं उतरलंय.

आगीची भीतीही मी सोडलेली नाही. उलट ती जास्त वाटते, आणि त्याचं कारण आपणच आहोत. आपण २०२२ साली नाही म्हटलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आज खाली चार इलेक्ट्रिक कार आणि नऊ स्कूटर आहेत. तळमजल्याच्या एका खिडकीतून रात्री एक्स्टेंशन बोर्ड बाहेर येतो, पावसाळ्यात त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली असते. नाव घेत नाही, त्यांचा दोष नाही, आपण त्यांना दुसरा रस्ता ठेवलेला नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने टाकलेली जाड केबल, तिला अर्थिंग, स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की तोडणारा ईएलसीबी, हे त्या पिशवीपेक्षा हजारपट बरं. त्या मुलाच्या अर्जात हे सगळं लिहिलेलं होतं. मी अर्जाची दुसरी बाजू उलटलीच नव्हती.

मागच्याच्या मागच्या दिवाळीत मी वही घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो. दार मुलाने उघडलं. मी म्हटलं, मी चुकलो, अर्ज पुन्हा द्या, मी सूचक होतो. तो हसला. म्हणाला, ‘काका, आता ऑफिसमध्ये चार्जर लागलाय, तिथेच करतो. मला गरज नाही.’ दोन वर्षं रात्री अकराला घरी येऊन त्याने ती गरज भागवली होती. त्या दोन वर्षांत त्याची मुलगी एक वर्षाची होऊन तीन वर्षांची झाली. हा हिशेब माझ्या वहीत नव्हता.

त्याचे वडील आत पेपर वाचत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, ‘चहा घेणार का खजिनदार?’ घेतला. ते आज समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत, म्हणून अधिक बोलत नाही.

राहिलं पुढचं. मुद्दा आता एका वायरीचा नाही. सव्वीसपैकी वीस जणांनी उद्या गाड्या घेतल्या आणि सगळ्या एकदम लावल्या तर ६६ किलोवॅट होतात. हे खरंच आपल्या मीटर रूमच्या आवाक्याबाहेरचं आहे आणि त्यासाठी महावितरणकडे लोड वाढवून घ्यावा लागेल. वीस जणांनी वीस केबली आपापल्या मर्जीने ओढल्या तर मी मघाशी सांगितलेल्या अकरा किलोंसारखीच गत होईल. म्हणून कमिटीचा विचार असा आहे की पार्किंगमध्ये एक सामाईक पॅनेल बसवावं, प्रत्येकाला त्याच्या वापराचं वेगळं मीटर, आणि गाड्या शक्यतो मध्यरात्रीनंतर पाळीने चार्ज व्हाव्यात.

भांडण पैशांवर होणार, ते मी आजच सांगून ठेवतो. ए विंगमधल्या एका वहिनींनी मला जिन्यात गाठून विचारलं, ‘आमच्याकडे गाडी नाही, पार्किंग नाही, आम्ही का पैसे द्यायचे?’ बरोबर प्रश्न आहे. त्यांच्या सिंकिंग फंडाला हात लावून कोणाची गाडी चार्ज होऊ नये. माझं मत असं की पॅनेलचा खर्च जोडणी घेणाऱ्यांनी वाटून घ्यावा, नंतर येणाऱ्याने तेवढाच वाटा भरून आत यावं, सोसायटीने फक्त जागा द्यावी. लिफ्टच्या वेळी तळमजल्यावरच्यांनी हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा चार सभा लागल्या होत्या, पण निघालं होतं काहीतरी.

यावर विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी सकाळी साडेदहाला इथेच, याच मंडपात आहे. मंडपवाला तोपर्यंत मंडप ठेवायला तयार झाला आहे. नेहमीप्रमाणे कोरम होणार नाही आणि सभा अर्धा तास तहकूब होऊन अकराला सुरू होईल, असं धरून कोणी अकराला येऊ नका. साडेदहालाच या. अर्जाची झेरॉक्स आणि ते १४ जानेवारीचं परिपत्रक, दोन्ही मी नोटीस बोर्डावर लावलं आहे. दोन्ही बाजूंनी छापलेलं आहे, कृपया उलटून वाचा.

जेवण तयार आहे असा निरोप आला आहे. मसालेभात गार झाला तर त्याचाही दोष माझ्यावर येईल, तेव्हा इथेच थांबतो. नमस्कार.